नऊ जणांचे डोळे

“ही सगळी झोपलीत का?” इरावतीनं विचारलं.

टेबलावर नऊ माणसं उभी होती. प्रत्येक जण माझ्या अंगठ्याच्या दीड पेराएवढा. तांडेल, व्यापारी, चोर, शिपाई, वैदू, सुईण, कीर्तनकार आणि दोन खलाशी. इरावती आणि निहार ही दोघं पुण्याहून आली होती. त्यांनी दोन वर्षं खपून टेबलावर मांडून खेळायचा एक नवा खेळ बनवला होता, आणि त्या खेळातली ही माणसं त्यांनी दहा दिवसांपूर्वी कोऱ्या पांढऱ्या मूर्तींच्या रूपात आमच्या पेणच्या कारखान्यात आणून दिली होती. गणपतीचे डोळे काढणारे हात पेणला आहेत, तेव्हा आमच्या माणसांचे डोळेही तिथेच उघडू देत, असं इरावतीच्या मनानं घेतलं होतं. रविवारी पुण्यात शंभरेक लोकांसमोर हा खेळ पहिल्यांदा मांडायचा होता. आज गुरुवार होता.

ती उभी राहून वरून बघत होती. मीही वरून बघितलं. खरंच, नऊच्या नऊ जण डोळे मिटून डुलक्या काढत होते.

चूक काय झाली ते मला तत्क्षणी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. गणपती बसतो मखरात, उंचावर. माणूस त्याच्यासमोर पाटावर बसतो आणि मान वर करून बघतो. त्या माणसाला मूर्ती आपल्याकडेच बघतेय असं वाटावं म्हणून आमच्याकडे बुबुळ किंचित खाली उतरवतात आणि वरची पापणी जड ठेवतात. चार पिढ्या आमच्या घरात याच मापानं डोळे निघतात. एखाद्या मूर्तीकडे कुणी वरून बघेल, ही गोष्टच आमच्या डोक्यात कधी आली नव्हती. वरून बघितलं की नुसती पापणीच दिसत होती.

“यशवंता, पाव्हणी काय बोलते बघ,” मोठे काका म्हणाले.

मोठे काका म्हणजे कारखान्याचे मालक, बाबांचे थोरले भाऊ जनार्दन. यशवंत म्हणजे माझे बाबा. आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, कारखान्यात बाबांचं होतं आणि पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ते दाराशी उभे होते. उजवा हात पॅंटच्या खिशात होता. आमच्याकडे असेच काढतात, एवढंच ते बोलले.

आता सांगूनच टाकते, कारण त्या दिवशी माझा जीव कशात अडकला होता हे कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आणि ते डोळे बाबांनी काढलेले नव्हते, मी काढले होते.

थरथर मला श्रावणात दिसली. बाबा आखणीच्या खोलीत दार लोटून बसायला लागले, तिथेच मला शंका आली. मग एकदा मी रंग द्यायला गेले तेव्हा ते एका मूर्तीचा डोळा ओल्या फडक्यानं पुसत होते. तोच डोळा त्यांनी तीनदा काढला आणि तीनदा पुसला. पुढे मनगट काठीवर टेकवून, दम खाऊन, त्यांनी तो हंगाम कसाबसा पार पाडला. घरात त्यांनी चहा सोडला. पित्त होतं म्हणाले. कपबशी वाजते म्हणून सोडला, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. निदान मी तसं धरून चालले होते.

आमच्या कारखान्यात ज्याचा हात गेला त्यानं कुंचला ठेवायचा, असा मोठ्या काकांचा नियम होता. त्यांनी तो स्वतःच्या वडिलांनाही लावला होता. आजोबांचा हात हलायला लागला तेव्हा भर हंगामात, सगळ्या कारागिरांदेखत, काकांनी त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला आणि त्यांना दाराजवळ मूर्तींभोवती पेंढा भरायला बसवलं. आजोबा त्यानंतर चार वर्षं जगले. आखणीच्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. बाबा तेव्हा शेजारच्या स्टुलावर बसलेले होते आणि त्यांनी ते सगळं बघितलं होतं.

वर्षाच्या कामांची वाटणी दत्तजयंतीच्या आधी व्हायची. कोण काय करणार ते काका दारातल्या पाटीवर खडूनं लिहायचे. त्या वर्षीची पाटी अजून कोरी होती. पलीकडच्या गावातला एक तरुण कारागीर दोनदा येऊन काकांना भेटून गेला होता. बाबांचा हात काकांना दिसला असता तर त्याच दिवशी पाटीवर त्याचं नाव चढलं असतं, आणि बाबा पेंढ्यापाशी गेले असते. मला तेवढंच टाळायचं होतं. अजून एक हंगाम, मग बघू, असं मी रोज स्वतःला समजावत होते. पुढच्या हंगामात काय जादू होणार होती कोण जाणे.

त्यातच हे नऊ जण आले. मोहरीएवढे डोळे. काकांनी बाबांना न विचारता होकार देऊन टाकला. बाबांनी सकाळी बसून डोळे काढायचे आणि दुपारी जेवून आतल्या बाकावर आडवं व्हायचं, असा क्रम चालला. कुणाचं बुबुळ गालावर, कुणाची पापणी कपाळात. बाबा घोरायला लागले की मी दबक्या पावलांनी जायची, काडीला कापूस गुंडाळून सगळं पुसायची आणि नव्यानं काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ती माणसं उचलून चष्म्याजवळ धरायचे, डोळे बरे झालेत म्हणायचे आणि बाजूला ठेवायचे. चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यांना फरक कळत नाही, असं मला वाटायचं. मी त्यांना फसवत होते आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं. खोटं कशाला बोलू, डोळे काढताना मात्र मला इतका आनंद व्हायचा की वाईट वाटायचं मी विसरून जायची. आमच्याकडे बायका मूर्ती घासायच्या, पितांबर रंगवायच्या, दागिने चिकटवायच्या. आखणीच्या स्टुलावर बाई बसलेली कुणी बघितली नव्हती.

तर आता त्या नऊ जणांनी झोपा काढल्या होत्या आणि दोष बाबांच्या माथी आला होता.

निहारनं मला वाचवलं, किंवा मला तेव्हा तसं वाटलं. हा मुलगा इरावतीबरोबर खेळाचे नियम लिहायचा आणि कमी बोलायचा. तो वाकला, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि तसाच थांबला. मग हातानं इरावतीला खाली बोलावलं. तीही वाकली आणि तिनंही हनुवटी टेकवली.

मोठ्या काकांना राहवलं नाही. साठी उलटलेला तो अगडबंब माणूस गुडघ्यावर बसला आणि त्यानं टेबलाला हनुवटी लावली. त्या उंचीवरून ते नऊ जण टक्क जागे होते आणि बघणाऱ्याच्या नजरेत नजर घालून बघत होते. चोराच्या डोळ्यांत भीती होती. सुईण दमलेली होती. काका बराच वेळ बघत राहिले.

“हा यशवंताचा हात,” ते शेवटी म्हणाले. “अख्ख्या पेणमध्ये दुसरा नाही.”

बाबांनी मान खाली घातली. माझे कान गरम झाले.

मग इरावतीनं एक गोष्ट ठरवली, आणि मी सुटले सुटले म्हणता पुन्हा फासात पडले. ती म्हणाली की आता हा खेळ वरून बघून खेळायचाच नाही, बुटक्या स्टुलांवर बसून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर खेळायचा. आणि आम्ही कधी असले खेळ खेळलेलो नाही, तेव्हा आम्हीच आज खेळून दाखवावा. नवख्या माणसाला पहिल्यांदा काय वाटतं ते त्यांना रविवारच्या आत जाणून घ्यायचं होतं. निहारनं त्यासाठी वहीसुद्धा काढली.

मी म्हटलं, बाबांना काम आहे. काका म्हणाले, मार्गशीर्षात कसलं काम. मी म्हटलं, त्यांना बरं नाही. काका म्हणाले, हेमे, तुझा बाप घोड्यासारखा ठणठणीत आहे, बस गप. मूर्तींची बुडं रंगवायला आम्ही वापरायचो ती स्टुलं आली, आणि पाच जण टेबलाभोवती अशा बेतानं बसलो की प्रत्येकाची हनुवटी टेबलाच्या काठाला लागत होती. कुणाचाही हात टेबलावर आला की तो सगळ्यांच्या नाकासमोर येणार होता. माझ्या चुकीनं मी हे ओढवून घेतलं होतं.

खेळाचं नाव होतं ‘धुकं’. टेबलावर लाकडाचं हातभर लांब गलबत होतं, आणि त्याच्या फळीवर घरं आखलेली होती. नऊ माणसं त्यात दाटीवाटीनं उभी केली. इरावती सूत्रधार. बाहेर काय चाललंय ते ती सांगणार, आणि आपण त्या माणसाच्या जागी आहोत असं समजून काय करतो ते आपण सांगायचं. जमेल की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. नियम तीन होते. पहिला, बोलायचं ते ‘मी’ म्हणून. तांडेल असं करतो, असं म्हणायचं नाही, मी असं करतो, म्हणायचं. दुसरा, आपलं माणूस आपल्याच हातानं हलवायचं. तिसरा नियम ऐकून मी बाबांच्या हाताकडे बघितलं. जो आडवा झाला तो पाण्यात पडला, आणि जाताना ज्याला धक्का लागेल तोही गेला.

“म्हणजे हात लागून पडलं तरी?” मी विचारलं.

“तरीही. समुद्र काही विचारून ओढत नाही,” इरावती हसून म्हणाली. तिला स्वतःचं ते वाक्य आवडलेलं दिसलं.

चिठ्ठ्या काढल्या. बाबांनी मला खूण केली, मी त्यांचीही काढली. त्यांना तांडेल आला, म्हणजे गलबत हाकणारा. मला सुईण, निहारला शिपाई आणि मोठ्या काकांना चोर.

काकांचं तोंड उतरलं. कारखान्याच्या मालकाला चोर करणं शोभतं का, असं ते म्हणाले. चिठ्ठी बदलून मागितली, मिळाली नाही. पहिलं मत काय म्हणून निहारनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की एवढी मोठी माणसं बाहुल्या घेऊन बसलीत, हेच माझं मत, लिहा. निहारनं ते इमानेइतबारे लिहिलं.

आणि मग अर्ध्या तासात काकांनी चोरीचा सपाटा लावला. पहिल्यांदा त्यांनी व्यापाऱ्याची थैली पळवली. मग वैदूच्या मुळ्या. मग गलबतावरचं पिण्याचं पाणी लपवलं आणि आळ कीर्तनकारावर घातला. इरावती डोळ्यांतून पाणी येईतो हसली. चाळीस वर्षं कारखान्यात शिस्त लावलेला माणूस असा लबाड असू शकतो, हे मी पहिल्यांदा बघत होते. एरवी मीही लोळून हसले असते. पण माझं सगळं लक्ष बाबांच्या उजव्या हाताकडे होतं, आणि तो हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

फासा टाकायची वेळ आली की बाबा हात बाहेर काढायचे, ओंजळीत फासा खुळखुळवायचे आणि टाकायचे. तिथे भीती नव्हती. फासे टाकताना सगळ्यांचाच हात हलतो, तेव्हा एकाचा जास्त हलला तर कोण बघतंय. आणि तांडेलाची जागा मागे, सुकाणूपाशी. त्याला कुठे जावं लागत नव्हतं. उत्तरेकडे वळवतो, शीड उतरवायला सांगतो, वाट बघतो, असं बाबा बसल्या जागेवरून सांगत होते आणि भागत होतं. बाबा तसेही मोजकंच बोलायचे. पण त्या दिवशी ते ‘मी’ म्हणायला लागले तेव्हा मला चमत्कारिक वाटलं. घरात मी त्यांच्या तोंडून मला हवं, मला नको, मला दुखतं, असं कधी ऐकलंच नव्हतं.

मी माझी सुईण तीनदा हलवली. चिमटीत तिचं डोकं धरून, दोन खलाशांमधून, अलगद. कुणाला धक्का लागला नाही. माझा हात कधी हलायचा नाही, त्याचा मला थोडा तोराही होता.

साडेबारा वाजत आले होते. आता जेवायला उठतील, असं मी मनात म्हणत होते. तेवढ्यात इरावतीनं आवाज खाली आणला.

“धुकं इतकं दाट झालंय की नाळेवरचा माणूस दिसत नाही,” ती म्हणाली. “पुढून लाटा फुटल्याचा आवाज येतोय. पुढे खडक आहेत. किती लांब, ते नाळेवर जाऊन ऐकल्याशिवाय कळणार नाही. आणि या गलबतावर तो आवाज एकाच माणसाला कळतो. यशवंतकाका, तांडेलाला नाळेवर जावं लागेल.”

नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक. तांडेल मागच्या टोकाला. मध्ये हातभर अंतर आणि आठ माणसं. वाट एकच, ती चोराच्या पाठीमागून जाणारी, माझ्या करंगळीएवढी.

 मी म्हटलं, माझी सुईण जाईल, ती नाळेच्या जवळ आहे. इरावती म्हणाली, सुईणीला खडकांचा आवाज ओळखता यायचा नाही. मी म्हटलं, मग तांडेलाला मी हलवते. तिनं नियम दाखवला. मी म्हटलं, बाबांना जवळचं नीट दिसत नाही, चष्मा बदलायचा आहे.

“ज्यानं मोहरीएवढे डोळे काढले त्याला दिसत नाही?” मोठे काका म्हणाले. “हेमे, तू काय चालवलंयस मघापासून? त्याला खेळू दे की.”

 माझं पितळ उघडं पडलंच असतं अजून एक शब्द बोलले असते तर.

सगळ्यांच्या हनुवट्या टेबलाला लागल्या होत्या. बाबा तांडेलाकडे बघत होते. त्यांनी मांडीखालून हात काढला. मला वाटलं, आता ते उठतील, पोटात दुखतंय म्हणतील, काहीतरी करतील. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. बाबांनी हात टेबलावर ठेवला, गलबताच्या शेजारी, तळवा खाली करून. तांडेलाला हात लावला नाही. नुसता ठेवला.

हात थरथरत होता. करंगळी फळीवर टक टक वाजत होती. मोठ्या काकांचा चेहरा तिथून वीतभर अंतरावर होता.

“मी तांडेल आहे,” बाबा म्हणाले. “मी नाळेवर जाऊ शकत नाही. माझ्या हाताला कंप आहे. मी मध्ये शिरलो तर चार जणांना घेऊन पाण्यात जाईन.”

इरावतीचे डोळे चमकले. तिनं निहारला कोपरानं ढोसलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. कुणी तांडेलाला असं दुखणं देईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हात किती खरा हलवतायत, असं ती त्याच्या कानात म्हणाली, आणि मला तिचं थोबाड फोडावंसं वाटलं.

काका हसत नव्हते. त्यांची नजर त्या हातावरून हलली नाही.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“चोर विचारतोय ना?” इरावती म्हणाली. “म्हणजे काका, चोर म्हणूनच विचारा.”

“चोरच विचारतोय. कधीपासून?”

“श्रावणापासून.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीस.”

“भ्यालो,” बाबा म्हणाले. “माझ्या आधीच्या तांडेलाचा हात हलायला लागला, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत उचलून बाजूला बसवलं. मी शेजारीच होतो. तेव्हापासून भ्यालेला आहे.”

 निहारचं पेन थांबलं. त्या शहाण्या मुलाला बहुतेक काहीतरी कळलं, कारण त्यानं वही हळूच मिटली. इरावती अजून गोष्टीतच होती. इतके महिने मग हे गलबत चालवलं कुणी, असं तिनं विचारलं, आणि फासा पुढे सरकवला. तो कुणी घेतला नाही.

“पावसाळाभर कसंबसं मीच,” बाबा म्हणाले. “गेले दहा दिवस मात्र ही चालवते. ही सुईण. मी दुपारी आडवा व्हायचो तेव्हा ही यायची, मी केलेलं पुसायची आणि नव्यानं करायची. हिला वाटायचं मी झोपलोय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मी घोरायचं सोंग करायचो. मी जागा आहे असं कळलं असतं तर ही आलीच नसती.”

मला रडू फुटलं. मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. दहा दिवस मी ज्यांना फसवत होते, ते बाकावर डोळे मिटून माझ्या कुंचल्याचा आवाज ऐकत पडले होते. सकाळी बरे झालेत म्हणायचे, ते मला म्हणायचे. त्यांच्याएवढा आनंद मला कुणी दिला नव्हता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या नऊ जणांकडे बघत होते, एकेकाच्या डोळ्यांत, सावकाश.

“आपल्या गलबतावर बाईनं सुकाणू धरलेलं नाही कधी,” ते म्हणाले.

“धरलंय, दादा. मघाशी तुम्ही हनुवटी टेकवून बघितलंत आणि म्हणालात, हा यशवंताचा हात,” बाबा म्हणाले.

काकांनी दारातल्या पाटीकडे बघितलं.  या माणसानं आपल्या बापाची गय केली नव्हती. आता ते उठतील, पाटी काढतील आणि खडू घेतील, असं मला वाटत होतं. बाबांचा हात अजून टेबलावरच होता. त्यांनी तो झाकला नाही, मागे घेतला नाही, आणि त्याची मला इतकी भीती वाटत होती की तो माझ्या पदराखाली लपवावासा वाटला.

“खडक जवळ येतायत,” इरावती हलक्या आवाजात म्हणाली. तिचाही आवाज आता बदललेला होता. “तांडेल काय करतो?”

“मी सुकाणू सुईणीच्या हाती देतो,” बाबा म्हणाले. “खडकांचा आवाज कसा ओळखायचा ते मी तिला इथे बसून सांगेन. मला कान आहेत अजून. हेमा, ये मागे.”

म्हणजे मला सुईण मधून उचलून मागे सुकाणूपाशी न्यायची होती. चोराच्या पाठीमागून, करंगळीएवढ्या वाटेनं. सकाळपासून तीनदा हलवलेली सुईण. मी हात पुढे केला, आणि माझा हात थरथरला. जो कधीच हलत नव्हता तो. चिमूट तिच्या डोक्याशी पोचेना. शिपायाला नख लागलं, तो डुलला आणि कसाबसा सावरला. मी हात मागे घेतला. माझ्यानं होत नाही, असं मी म्हणाले.

“श्वास धरलायस तू,” बाबा म्हणाले. ते तांडेलाच्या आवाजात बोलत नव्हते, आणि कुणी त्यांना टोकलं नाही. “श्वास धरला की हात धरतो. आधी सगळा सोड. सोडून झाला की पुढचा घ्यायच्या आधी थोडी जागा असते. तेवढ्यात उचलायची. डोळा काढतानाही तसंच. बुबुळ त्याच जागेत ठेवायचं असतं.”

पंचवीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही. मी पुन्हा हात पुढे केला. टेबल हलत होतं, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

मोठे काका सरळ झाले. टेबलावर रोवलेली आपली दोन्ही कोपरं त्यांनी उचलली, आवाज न करता, आणि हात मांडीवर घेतले.

“तुम्हीपण कोपरं उचला रे,” ते त्या दोघांना म्हणाले. “तिला धक्का लागेल.”

मी सगळा श्वास सोडला.